एकाच सुरावरचं गाणं: ‘टुमॉरो नेव्हर नोज’चं कव्हर घरच्या घरी कसं करावं

‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बममधलं हे शेवटचं गाणं, पण त्या अल्बमसाठी बीटल्सनी ध्वनिमुद्रणाला सगळ्यात आधी घेतलं ते हेच. तारीख ६ एप्रिल १९६६, जागा लंडनचा ईएमआय स्टुडिओ. अल्बम बाजारात आला ५ ऑगस्टला. गाण्याची लांबी जेमतेम तीन मिनिटं, कॉर्ड जवळपास एकच, आणि तरीही सायकेडेलिक रॉकचं नाव निघालं की गाडी फिरून याच्यापाशी येते.

याची कव्हर्स, म्हणजे दुसऱ्यांनी नव्याने गायलेली रूपं, भरपूर झाली आणि त्यातली बरीचशी पडली. पडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: मूळ गाण्यातले विचित्र आवाज मोजायचे आणि तेवढे सगळे, शिवाय चार जास्तीचे, आपल्या प्रोजेक्टमध्ये ओतायचे. मुळात गाणं उभं आहे ते दोन न हलणाऱ्या गोष्टींवर, एक सा आणि एक ठेका. या दोन्ही पक्क्या असल्या की वर काय वाट्टेल ते भिरभिरू देता येतं. पाया डळमळीत असेल तर वरचे आवाज नुसता गोंगाट वाटतात. म्हणून खाली कामाचा क्रम दिलाय तो खालून वर असाच आहे. घाई असली तरी तो मोडू नका.

कानाची तयारी

मूळ गाणं हेडफोनवर ऐका. त्यानंतर ‘अँथॉलॉजी २’मधला पहिला टेक ऐका. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. तिथे गाणं तेच आहे, पण ठेका वेगळा आणि सगळी चाल जड, पाण्याखालून आल्यासारखी. शेवटी ठेवला गेला तो तिसरा टेक. दोन्ही लागोपाठ ऐकल्यावर ठेका बदलला की गाणं किती बदलतं ते कळतं.

मग तीन कव्हर्स. फिल कॉलिन्सने १९८१मध्ये ‘फेस व्हॅल्यू’च्या शेवटी हे गाणं घेतलं. तिथे ड्रमचं काम आणि थर दोन्ही जपलेले आहेत. ब्लूज गायक ज्युनिअर पार्करने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जवळपास सगळं काढून टाकून ते संथ, अंधाऱ्या आवाजात गायलं, आणि आमच्या मते आजवरचं सगळ्यात धाडसी कव्हर तेच. तिसरं ॲलिसन मोशार्ट आणि कार्ला अझार यांचं, ‘सकर पंच’ या २०११च्या चित्रपटासाठी केलेलं. ते आजच्या ध्वनीत आहे, पण ठेक्याला चिकटून आहे. प्रत्येकाने मुळातलं काय ठेवलं आणि काय टाकलं याची यादी करा. आपल्या कव्हरमधून कोणती एक मोठी गोष्ट काढायची ते इथेच ठरवून टाका. ठरवलं नाही तर हातून नक्कल होते.

गाण्याचा नकाशा

सूर सी, म्हणजे पेटीची पांढरी एक. लय साधारण १२६ बीपीएम (मिनिटाला १२६ मात्रा), चार मात्रांची. म्हणजे एक बार १.९ सेकंदांचा आणि आठ बारांचं एक कडवं सुमारे १५ सेकंदांचं. कडव्यात पहिले चार बार सी, पुढचे दोन बार बी फ्लॅट, मग पुन्हा दोन बार सी. मात्र बी फ्लॅट येतो तेव्हाही खालचा बास आणि तंबोरा सीवरच राहतात. ‘कॉर्ड बदलली’ असं न वाटता रंग बदलल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. आपल्या भाषेत सांगायचं तर खमाज थाट आणि त्यातल्या कोमल निषादावर थोडा वेळ मुक्काम.

बांधणी अशी: छोटी सुरुवात, तीन कडवी, सोळा बारांचा वाद्यांचा भाग, चार कडवी, आणि शेवटची ओळ घोळवत घोळवत विरत जाणं. अगदी शेवटी कुठूनसा पियानो उगवतो. मार्कर टाकून हे सगळं आधी प्रोजेक्टमध्ये मांडून ठेवा.

आवाजाला पांढरी एक सोयीची नसेल तर सूर आत्ताच बदला. बायकांच्या गळ्याला बहुधा पांढरी चार किंवा पाच बरी पडते. नंतर बदलायचं म्हटलं तर तंबोरा, लूप्स (सतत फिरत राहणारे आवाजाचे तुकडे), उलटी गिटार सगळं नव्याने करावं लागतं. आणि मूळ फाइल शेजारी वाजवून सूर जुळवत बसू नका. टेपच्या काळातली ध्वनिमुद्रणं आजच्या ४४० हर्ट्झवर नेमकी बसतीलच असं नाही.

तंबोरा

मूळ गाण्यात तंबोरा आहे, त्यामुळे इथे तो घेणं ही काही आपल्याकडची फोडणी नव्हे. मिरजेचा खरा तंबोरा हाताशी असेल तर उत्तमच. पुरुषी तंबोरा पांढरी एकला सहज उतरतो. पंचम लावायचा की निषाद? कोमल निषाद लावला तर बी फ्लॅटचे दोन बार फार सुंदर मिसळतात, पण सीच्या भागात थोडी तक्रार सतत ऐकू येत राहते. पंचम सुरक्षित. पहिल्यांदा करत असाल तर पंचमच लावा.

माइक घोडीपासून २० ते ३० सेंटिमीटरवर, जवारीकडे तोंड करून. पंखा बंद, फ्रिज असलेल्या खोलीपासून लांब. सलग पाच मिनिटं छेडा. वीस सेकंद घेऊन त्याचं लूप करू नका. जोड कितीही साफ केला तरी ठराविक वेळाने तीच लहर परत येते आणि कान तिला दुसरा ठेका समजतो. याच कारणासाठी तारा लयीत छेडायच्या नाहीत. ड्रम कानात न घेता मुद्रण करा, म्हणजे हात आपोआप मोकळा राहील.

इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा मोबाइलमधलं ॲप वापरणार असाल तरी हेच. फक्त छेडण्याचा वेग असा ठेवा की तो १२६शी कुठेच सरळ भागला जाणार नाही.

इथे एक अडचण येते, आणि ती बिघाड नसल्यामुळे शोधूनही सापडत नाही. तंबोऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार हा कीबोर्डच्या ईपेक्षा १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली असतो. त्यावर कीबोर्डचा लांब ई धरला की दोन सुरांची लाट ऐकू येते. थोडी लाट या गाण्याला शोभते. खुपू लागली तर कीबोर्डच्या कॉर्डमधला ई काढून फक्त सी आणि जी ठेवा. तंबोऱ्याला कापायला जाऊ नका, फक्त ८० हर्ट्झच्या खालचं गाळून टाका.

ठेका आणि बास

रिंगो स्टारचा ठेका एका बारचा आहे आणि तो गाणंभर तसाच चालतो. तिसऱ्या मात्रेच्या आसपास एक ठेच आहे, गाण्याची सगळी चाल त्या ठेचेत आहे. वेग निम्मा करून ती आधी तोंडाने बोलता येईपर्यंत ऐका, मग हात लावा. एकही उठाण नको, एकही जादा झांज नको. ड्रमर मित्राला हे पटवणं बहुधा मुद्रणापेक्षा कठीण जातं.

मूळ आवाज कसा झाला ते नोंदलेलं आहे. ध्वनियंत्रक जेफ एमरिकने बास ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला, माइक स्टुडिओच्या नियमापेक्षा बराच जवळ आणला आणि सगळे ड्रम फेअरचाइल्ड ६६० या लिमिटरमधून, म्हणजे मोठे आवाज दाबणाऱ्या यंत्रातून, दाबून काढले. आपल्याकडे त्याची नक्कल अशी: बास ड्रममध्ये घोंगडी किंवा जाड स्वेटर, पुढच्या कातड्याला टेकेल असा. टॉम थोडे ढिले करा. एक माइक बास ड्रमला, एक डोक्यावर, बस्स. दोघांना एकाच बसवर, म्हणजे सामायिक चॅनेलवर, पाठवून तिथे कॉम्प्रेसर लावा: ॲटॅक (दाब लागू होण्याचा वेळ) शक्य तितका झटपट, रिलीज (दाब सुटण्याचा वेळ) २५० ते ३०० मिलिसेकंद, सुई ८ ते १० डेसिबल खाली जाईल इतका दाब.

रिलीजचा आकडा उगाच दिलेला नाही. या लयीत एक मात्रा ४७६ मिलिसेकंदांची. दाबलेला आवाज पुढच्या मात्रेच्या आत परत वर आला पाहिजे, तरच झांजा श्वास घेतल्यासारख्या फुगतात. रिलीज ५०वर आणली तर बास ड्रम फाटतो, ८०० केली तर सगळं सपाट होऊन बसतं.

खरे ड्रम नसतील तर एका बारचे नमुने वापरा, पण जोर प्रत्येक ठोक्याला एकसारखा ठेवू नका. तो १० टक्क्यांनी इकडेतिकडे, वेळ मात्र काटेकोर. तबला घालायचा मोह होईल. घालू नका. तबला आला की ऐकणारा ‘फ्यूजन’ ऐकायला लागतो आणि ती ठेच हरवते.

बास गिटार सीवर, अधूनमधून वरच्या सप्तकातला सी. बी फ्लॅटच्या बारांतही सीच. बास वाजवणाऱ्याचं बोट सवयीने तिकडे सरकतं, त्याला आधीच बजावून ठेवा.

लूप्स: इथे वेळ घालवा

पॉल मॅकार्टनी घरच्या टेपरेकॉर्डरचं पुसणारं हेड निकामी करून एकाच टेपवर आवाजावर आवाज चढवत असे. असे टेपचे वेढे स्टुडिओत आणले गेले. ७ एप्रिलला पाच यंत्रांवर पाच वेढे एकाच वेळी चालवले, वेगवेगळ्या खोल्यांत माणसं पेन्सिलीत टेप ताणून उभी राहिली, आणि ते आवाज फेडरवरून हाताने वरखाली करत एका ट्रॅकवर उतरवले. कॉपी करायची असेल तर या पद्धतीची करा. आवाज आपापले असू द्या.

पाच लूप्स तयार करा:

पहिलं हसण्याचं. मूळ गाण्यातला तो समुद्रपक्ष्यांसारखा आवाज बदललेल्या हसण्याचा आहे. दोन-तीन सेकंद मोठ्याने हसा, वेग दुप्पट करा, थोडं फाटू द्या. पोरांचं हसणं असेल तर वेग दीडपटच पुरे.

दुसरं बी फ्लॅटची तार वाद्यांची लांब कॉर्ड. कीबोर्डवरच्या तयार आवाजात घेतली तरी चालेल, पण ती एकदा मोबाइलच्या स्पीकरवरून वाजवून परत माइकने घ्या, म्हणजे तिचा गुळगुळीतपणा जातो.

तिसरं मेलोट्रॉनच्या (टेपवरचे आवाज वाजवणाऱ्या जुन्या कीबोर्डच्या) बासरीसारखं. दोन सूर आलटूनपालटून.

चौथं सतारीची किंवा गिटारची वर चढणारी तान, सीपासून सीपर्यंत, कोमल निषादासकट. संथ वाजवायची आणि वेग दुप्पट करायची. दुप्पट वेगात सूर एक सप्तक वर जातो हे धरून खालच्या सप्तकात वाजवा.

पाचवं तुमचं स्वतःचं. जात्याची घरघर, लोकलचा भोंगा, झांज उलटी, काहीही. याला सूर नसला तर जास्त बरं.

वेग बदलताना सूरही बदलला पाहिजे. आजची सॉफ्टवेअर्स आपणहून सूर जपतात आणि तिथेच टेपची चव जाते. रीपरमध्ये त्या तुकड्याच्या गुणधर्मांतली सूर जपण्याची खूण काढा. ऑडॅसिटीमध्ये फक्त टेम्पो बदलणारा इफेक्ट घेऊ नका, वेग आणि सूर दोन्ही एकत्र बदलणारा घ्या.

लूप्सची लांबी बारच्या पटीत ठेवायची नाही. बार १.९ सेकंदांचा, म्हणून २.३, ३.१, ४.७, ५.९ आणि ७.३ सेकंद अशा लांब्या घ्या. मग प्रत्येक फेरीत लूप ठेक्यावर वेगळ्या जागी पडतं आणि कानाला नमुना सापडत नाही. ग्रिडला चिकटण्याची सोय म्हणजे स्नॅप बंद ठेवा. जोडावर ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक टोक विरताना दुसरं वर येऊ द्या, नाहीतर दर फेरीला टिक् असा आवाज येईल. तो एकट्याने ऐकताना जाणवत नाही, पण गाणं दाबून मोठं केलं की ठळक होतो.

आता प्रत्यक्ष वादन. पाचही लूप्स गाणंभर चालू ठेवा, सगळे फेडर खाली. फेडर असलेला छोटा मिडी कंट्रोलर असेल तर तो, नसेल तर टॅब्लेटवरचा पडदा. माउसने हे होत नाही, कारण एका वेळी एकच फेडर हलतो. ऑटोमेशन लिहिण्याच्या मोडवर टाका, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात वाजवा. दोघांनी मिळून केलं तर जास्त छान होतं: एकाकडे दोन लूप्स, दुसऱ्याकडे तीन. एका वेळी तीनपेक्षा जास्त फेडर वर नकोत. गाणारा ओळ म्हणत असेल तेव्हा निदान एक खाली आलाच पाहिजे. चार-पाच फेऱ्या करा आणि त्यातली एक अख्खी निवडा. पहिल्या फेरीचं कडवं आणि तिसऱ्या फेरीचा शेवट असं जोडकाम केलं की वादनाचा ओघ तुटतो, आणि का तुटला ते मग सांगता येत नाही. निवडलेली फेरी एका स्टिरिओ ट्रॅकवर उतरवा आणि मूळ लूप्स बंद करून टाका. परत हात लावायची सोयच ठेवू नका.

उलटी गिटार

वाद्यांच्या भागातल्या सोळा बारांपैकी काही भाग उलट्या गिटारचा. नुसती वाजवून उलटी केली तर सूर नको तिथे संपतात. म्हणून असं करा: त्या सोळा बारांचं सध्याचं मिश्रण उतरवा, ते उलटं करा, त्या उलट्या मिश्रणावर गिटार वाजवा, मग ती गिटार उलटी करून जागेवर ठेवा.

वाजवताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. तुम्ही जिथे वाक्य सुरू करता तिथे ते संपणार आहे, म्हणून सुरुवात ठाम सुरावर, शक्यतो सी किंवा जीवर. वर ओढलेली तार उलटल्यावर खाली उतरताना ऐकू येते. आणि आठ बारांच्या आवर्तनात पाचव्या-सहाव्या बारात बी फ्लॅट ठेवला असेल तर उलट्या मिश्रणात तो तिसऱ्या-चौथ्या बारात येतो. कागदावर लिहून समोर ठेवा.

गिटार उलटी केल्यावर लयीत बसत नाही अशी तक्रार सर्रास ऐकू येते. कारण लेटन्सी. मुद्रण १० मिलिसेकंद उशिरा पडलं असेल तर उलटल्यावर ते १० मिलिसेकंद आधी येतं. उलटी करण्याआधीच तुकडा सरकवून घ्या.

आवाज

पहिल्या तीन कडव्यांतला आवाज दुहेरी आहे. ईएमआयच्या केन टाउनसेंडने त्याच सुमारास दोनदा गायचे कष्ट वाचवणारी कृत्रिम दुहेरीकरणाची युक्ती काढली होती. तशी करायची तर आवाजाची प्रत काढून ती ३० मिलिसेकंद मागे टाका आणि ते अंतर २ ते ३ मिलिसेकंदांनी सावकाश वरखाली होऊ द्या. अंतर स्थिर ठेवलं तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागतो.

वाद्यांच्या भागानंतर, सुमारे ८७व्या सेकंदापासून, आवाज हॅमंड ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून येतो. डोंगरमाथ्यावरून दलाई लामा बोलतायत असं वाटलं पाहिजे, ही जॉन लेननची मागणी होती. गाण्यातल्या ओळीही तिबेटी ग्रंथावर बेतलेल्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टिमथी लिअरी आणि सहकाऱ्यांच्या १९६४च्या पुस्तकातून आल्या आहेत.

लेस्लीचे मोफत प्लगइन मिळतात. वेगवान फेरा सेकंदाला साधारण पावणेसात, संथ फेरा एकापेक्षा थोडा कमी. आवाजासाठी वेगवान घ्या आणि ७० टक्के परिणाम, ३० टक्के कोरा आवाज ठेवा. पूर्ण परिणामात शब्द कळत नाहीत. रिव्हर्ब जवळपास नकोच. फिरता आवाज आणि वर मोठा हॉल म्हणजे चिखल.

गायचं मात्र अगदी सरळ. मुरकी नाही, कंप नाही, शब्दाच्या शेवटी आस नाही. गळ्यातला कंपही सेकंदाला पाच-सहा फेऱ्यांचाच असतो आणि तो लेस्लीच्या फेऱ्यांशी भांडतो. शास्त्रीय तालीम झालेल्यांना हे सगळ्यात जड जातं. व्यंजनं थोडी जास्तच ठळक म्हणा, मशीन त्यांना बोथट करणार आहे.

मिश्रण

मूळ काम चार ट्रॅकच्या यंत्रावर झालं. तुम्हीही शेवटी पाचच फेडर समोर ठेवा: तंबोरा, ठेका आणि बास, लूप्स, गिटार, आवाज. आधी ठेका आणि आवाज यांचा मेळ घाला, मग तंबोरा असा की बंद केल्यावर उणीव भासावी पण चालू असताना लक्ष जाऊ नये. लूप्स शेवटी, आणि वाटतं त्याहून ३ डेसिबल खाली.

मोनोमध्ये ऐकून पाहा. लेस्ली आणि दुहेरी आवाज मोनोत कधी कधी पोकळ होतात. तसं झालं तर मागची प्रत थोडी आणखी मागे, ३८-४० मिलिसेकंदांवर न्या. शेवटची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) आसपास, शिखर उणे १ डेसिबलच्या आत. याहून दाबाल तर ड्रमचा तो श्वास जाईल, ज्यासाठी रिलीज एवढी जुळवली होती. शेवटच्या पियानोला मात्र मोकळं सोडा, त्यावर काहीही लावू नका.

परवानगीचं

मूळ ध्वनिमुद्रणातला एक सेकंदही कापून वापरू नका. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आणि रचनेचा वेगळा, कव्हरची वाट फक्त रचनेपुरती असते. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सीमध्ये कव्हरसाठी वैधानिक परवाना आहे: पहिलं मुद्रण झालेल्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षं उलटलेली असावीत, आगाऊ सूचना आणि रॉयल्टी द्यावी, आणि हे कव्हर आहे असं स्पष्ट लिहावं. पण किमान रॉयल्टी वर्षाला ५०,००० प्रतींची धरलेली असल्यामुळे घरगुती कलाकाराला ती वाट परवडत नाही. गाणी स्ट्रीमिंगवर चढवणाऱ्या वितरकांपैकी काही जण कव्हरचा परवाना शुल्क घेऊन मिळवून देतात. त्यांच्या अर्जात रचनाकार म्हणून लेनन–मॅकार्टनी लिहा, स्वतःचं नाव फक्त सादरकर्ता म्हणून.

व्हिडिओला हा परवाना पुरत नाही, चित्रासोबत गाणं वापरायची परवानगी वेगळी. यूट्यूबवर बहुधा प्रकाशकाचा दावा लागतो आणि जाहिरातीचं उत्पन्न तिकडे जातं. तेवढं चालणार असेल तर व्हिडिओ राहतो, आणि वाद घालून काही हाती लागत नाही. ओळींचा मराठी अनुवाद करून गाणार असाल तर मात्र ते रूपांतर ठरतं. त्यासाठी प्रकाशकाची लेखी संमती लागते, आणि ती मुद्रणाला बसण्याआधी मागावी लागते.